धाकटीचा पुरावा

धाकटी चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला धाकटीच म्हणतात, आणि ती नेमकं काय काम करते हे घरात अजून कोणाला धड सांगता येत नाही. "कॉम्प्युटरचं काहीतरी करते," एवढ्या एका वाक्यावर तिच्या आईने सगळे लग्नसमारंभ निभावून नेले. आई गेल्यावर ते वाक्य थोरलीकडे आलं. थोरली म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी आणि रुबाबाने साठ वर्षांनी. दोघी एकाच इमारतीत राहतात, वरखाली. थोरली वर, हे वेगळं सांगायला नको.

तर झालं असं, की परदेशातल्या एका प्रयोगशाळेने धाकटीला बोलावलं. दुखण्यात ज्यांची वाचा जाते त्यांना मशीनमधून पुन्हा बोलतं करायचं, तेही त्यांच्या स्वतःच्या आवाजाच्या जवळपास जाईल अशा आवाजात, असं तिथलं काम. धाकटी गेली नऊ वर्षं एका विमा कंपनीत फॉर्मचे रकाने जुळवत बसली होती. जन्मतारखेच्या रकान्यात कोणी पत्ता लिहिला तर लाल रेघ यावी, हे तिचं कार्य. त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं तेव्हा तिने ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला चष्मा पुसून घेतला. तरुणपणी जे काम तिने जीव ओतून केलं होतं, तेच पुन्हा समोर उभं होतं.

पण अट होती. नोकरी देतो, व्हिसा तुमचा तुम्ही आणा. आणि व्हिसा साधासुधा नाही, खास कौशल्यवाल्यांचा. म्हणजे त्या देशाला आधी पटवून द्यायचं की ही बाई चारचौघींसारखी नाही. आता धाकटीला जन्मभर जर एखादी गोष्ट उत्तम साधली असेल तर ती म्हणजे चारचौघींसारखं दिसणं. कुठल्याही ग्रुप फोटोत ती कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धी सापडते.

नियम असे होते: दहा कागद, पुराव्याचे. एकेक कागद तीन पानांच्या वर नाही. वर तीन शिफारसपत्रं. आणि महिन्याच्या अखेरीला अर्ज आत. त्यानंतर जागा दुसऱ्याला.

"एवढंच ना?" थोरली म्हणाली. "माझ्याकडे तुझे बेचाळीस कागद आहेत."

आणि खरंच ती पत्र्याची पेटी घेऊन खाली आली. आईने जपलेली सगळी सर्टिफिकिटं त्यात. हस्ताक्षर स्पर्धा, दुसरा क्रमांक. दोरीच्या उड्या, उत्तेजनार्थ. पाचवी इयत्ता, पूर्ण उपस्थिती, आणि त्याला तर सोनेरी किनार होती.

"ताई, हे नाही चालत गं."

"का नाही चालत? वर्षभर एक दिवस बुडवला नाहीस. गोवर आला होता तरी गेलीस, अर्ध्या वर्गाला दिलास. याला कौशल्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

धाकटी हसली, पण ते हसू वकीलबाईंच्या ऑफिसात पोचेपर्यंत टिकलं नाही.

वकीलबाई म्हणजे असल्या व्हिसांचेच अर्ज करून देणाऱ्या. छोटं ऑफिस, दोन खुर्च्या, एक कुंडीतलं झाड, आणि त्या झाडाचंसुद्धा वय, उंची, जात लिहिलेली चिठ्ठी कुंडीला अडकवलेली. बाई बोलायला गोड आणि वाचायला कडक. त्यांनी धाकटीचा सगळा जन्म पाच मिनिटांत चाळला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे. बोलणारा प्रोग्रॅम. हे काय आहे?"

धाकटी सांगायला लागली. एकवीस वर्षांपूर्वी सहा जणांनी मिळून एक प्रोग्रॅम केला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. फुकट वाटला सगळ्यांना. अजूनही कितीतरी शाळांत चालतो, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी बोलणारी मशीनं केली त्यांनी त्यातला एक भाग जसाच्या तसा उचलला. श्वासाचा नियम. मशीनने वाचताना कुठे थांबायचं, किती थांबायचं, हे ठरवणारा. तो धाकटीचा.

"हाच तुमचा अर्ज," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं फोडणी. आता दाखवा, यात तुमचं नाव कुठे आहे?"

तिथेच घोडं अडलं.

त्या प्रोग्रॅमचं सगळं काम कोणालाही बघता येईल असं इंटरनेटवर ठेवलेलं आहे. कधी, कोणी, काय बदल केला, एकेक ओळ. बाईंनी उघडून बघितलं. एकंदर चार हजार नोंदी. चारही हजार एकाच माणसाच्या नावावर. आणि तो माणूस धाकटी नव्हती.

"हे कोण गृहस्थ?"

"खिडकी," धाकटी म्हणाली. मग ओशाळून म्हणाली, "म्हणजे आम्ही त्याला खिडकी म्हणायचो."

आता हा खिडकीचा प्रकार समजायचा तर ते ऑफिस डोळ्यांसमोर आणायला हवं. धुलाईच्या दुकानावरचा मजला. खाली दिवसभर इस्त्रीची वाफ, आणि ती लाकडी जमिनीच्या फटींतून वर यायची, त्यामुळे थंडीतसुद्धा पायाला ऊब आणि सगळ्यांच्या कपड्यांना दुसऱ्याच कोणाच्या तरी धुतलेल्या चादरींचा वास. सहा टेबलं, सहा मशीनं, सहा माणसं, आणि मालक धरून सहाच. मालक स्वतः टेबल पुसायचे. धाकटी तेव्हा तेवीस वर्षांची, दोन वेण्यांतून नुकती एका वेणीवर आलेली, आणि कानाला सदानकदा हेडफोन.

इंटरनेटची तार रस्त्यावरच्या खांबावरून यायची ती खिडकीतून आत, आणि पहिल्या टेबलाशी संपायची. पुढे पोचायची नाही. म्हणून इंटरनेट होतं ते फक्त त्या पहिल्या मशीनला. जो तिथे बसायचा तो खिडकी. मग पद्धत अशी पडली, की दिवसभर प्रत्येकाने आपापलं काम करायचं, पाचाला दहा कमी असताना मालक टाळी वाजवायचे, आणि पाचही जण आपापली फ्लॉपी घेऊन खिडकीपुढे रांगेत उभे राहायचे. कोणाची फ्लॉपी अडकली की बाकीच्यांनी शेरे मारायचे. खिडकी सगळ्यांचं काम एकत्र बांधायचा आणि बरोबर पाचाला एकच बटण दाबून वर पाठवायचा. नाव पडायचं त्याचं, कारण मशीन त्याचं. कोणाला त्यात काही वाटलं नाही. धाकटीने एकदा, एकदाच, सहज विचारलं होतं, "आपापली नावं घालायची का?" तर मालक म्हणाले, "कशाला? सहा तर जण आहोत. कोणी काय केलं ते सगळ्यांना माहीतच आहे."

आणि खरंच होतं की माहीत. तेव्हा सहाही जण एका खोलीत होते.

वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं. "त्या देशातल्या लोकांना माहीत नाही ना पण. मालक कुठे असतात?"

"गेले. सात वर्षं झाली."

"मग खिडकीला विचारा."

खिडकी आता समुद्रापलीकडे मोठा साहेब झाला होता. धाकटीने दोन दिवस काय लिहावं याचा विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सरळ फोन लावला. वाटलं होतं, ओळखायला वेळ लागेल. तो म्हणाला, "मुंगी? तू?" तिचं ऑफिसातलं नाव. ते ऐकताच पहिलं मिनिटभर तिच्याकडून नुसतं "हो, हो" एवढंच झालं.

मग दोघं वाफेबद्दल बोलले. मालकांबद्दल बोलले. टाळीबद्दल. त्याला अजून कुठे टाळी वाजली की फ्लॉपी घ्यायला हात पुढे होतो म्हणे.

"अगं, मी नुसतं बटण दाबायचो," तो म्हणाला. "त्या चार हजारांत माझे स्वतःचे असतील सातआठशे. तसं लिहून देतो ना. खालती सही, शिक्का, सगळं. पण कोणतं कोणाचं, ते आता मला शपथेवर नाही सांगता यायचं. श्वासाचं तुझं होतं हे पक्कं आठवतं. तारीख विचारलीस तर बोंब."

"लोक तुला विचारत असतील, हे सगळं तू केलंस का म्हणून."

तो म्हणाला, "सुरुवातीला विचारायचे. मी सांगायचो, सहा जणांचं आहे. मग विचारायचे बंद झाले. मीही सांगायचा बंद झालो." मग म्हणाला, "उद्या पत्र पाठवतो. उद्याच."

आणि पाठवलं, बरं का. दुसऱ्याच दिवशी. चांगलं पत्र होतं. वकीलबाई वाचून म्हणाल्या, "छान. यावरून एवढं सिद्ध होतं की हे काम याचं नाही. तुमचं आहे हे कुठे सिद्ध होतं?"

महिना संपायला उरले होते सोळा दिवस.

थोरलीने तेवढ्यात आपल्या परीने शोध सुरू केला होता. धाकटीची जुनी पाकिटं, जुन्या पर्सा, कोटांचे खिसे. एका पर्समध्ये तिला अंध शाळेचं एक कार्ड सापडलं, आणि मागे पेनाने लिहिलेला फोन नंबर.

"हे कोण?"

"सर," धाकटी म्हणाली, आणि कार्ड हातात घेतलं.

सर त्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नव्हतं. प्रोग्रॅम मुलांच्या हाती देण्याआधी सर आठवडाभर वापरायचे आणि मग फोन करून चुका सांगायचे. फोन यायचा तो धाकटीला. मालकांनी वाटणीच तशी केली होती, कारण बाकी पाच जण सरांना घाबरायचे. सर चूक सांगायचे ती अशी की ऐकणाऱ्याला आपलं सगळं शिक्षण परत करावंसं वाटे.

आता ते निवृत्त झाले होते. धाकटी गेली तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दार उघडलं आणि आतून आवाज आला, "चप्पल डाव्या बाजूला काढ. उजवीकडे माझी असते."

एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं की ओळखलं नव्हतं, कोण जाणे. धाकटीने नाव सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे. तू दाराशी नेहमी एक पाऊल जास्त घेतेस."

"सर, मी तुमच्याकडे फक्त दोनदा आले होते."

"दोन्हीदा घेतलंस."

चहा झाला. धाकटीने सगळं सांगितलं, व्हिसा, खिडकी, दहा कागद. सरांनी ऐकून घेतलं आणि काकूंना म्हणाले, "अगं, बुटांची खोकी काढतेस का? फोनची."

काकूंनी पलंगाखालून एकेक करत पाच खोकी काढली. आत कॅसेटी. रांगेने, उभ्या, प्रत्येकीच्या पाठीवर ब्रेलच्या उठावाच्या ठिपक्यांची बारीक पट्टी. सरांना फोनवर बोलताना टिपण घेता यायचं नाही, एका हातात फोन असायचा. म्हणून प्रत्येक फोनला टेपरेकॉर्डर लावायचे, आणि तसं सांगायचेसुद्धा. "टेप चालू आहे हं," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. धाकटी ते इतक्या वेळा ऐकत आली होती की तिच्या लेखी तो नुसता नमस्कार झाला होता. टेप खरंच चालू असते आणि ती कुठेतरी जाऊन पडते, हा विचार कधी डोक्यात शिरलाच नाही. ही आपली कौशल्यवाली.

सरांनी बोटाने पट्ट्या वाचत एक कॅसेट काढली, लावली, आणि खोलीत एक तेवीस वर्षांची मुलगी बोलायला लागली.

"सर, बोला ना. मी लिहून घेतेय."

धाकटीला पहिल्यांदा कळेचना, ही कोण. आवाज पातळ, घाईचा, वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करणारा. मागे कुठेतरी टाळी ऐकू आली, खुर्च्या सरकल्या, आणि मालकांचा आवाज, लांबून: "मुंगी, फ्लॉपी." मुलगी म्हणाली, "सर, एक मिनिट हं, देऊन येते." आणि टेपवर नुसतं रिकामं ऑफिस. कोणी हसलं. खालच्या दुकानातली वाफ सुटल्याचा हुस्स आवाज. सरांनी टेप बंद केली नाही. सात जन्म शोधलं असतं तरी धाकटीला ते ऑफिस कुठल्या फोटोत सापडलं नसतं, कारण कोणी फोटो काढलेच नव्हते. आणि ते सगळं इथे, बुटांच्या खोक्यात, मिनिट न् मिनिट.

काकूंनी तिच्याजवळ रुमाल सरकवला.

पुढचे चार दिवस धाकटीने रजा काढली आणि रोज सकाळी सरांकडे गेली. एकूण अडुसष्ट फोन निघाले. ठिपक्यांत तारीख, वेळ, विषय. सर वाचायचे, धाकटी लिहून घ्यायची, आणि सर तिला लिहू द्यायचे नाहीत, कारण प्रत्येक कॅसेटवर त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. एका कॅसेटमध्ये मशीनने एका राजाचं नाव वाचताना मधेच दम घेतला होता. परिणामी वार्षिक परीक्षेत पंधरा मुलांनी दोन राजे लिहिले, आणि एकाने त्यांची लढाईही लावून दिली.

"मी त्याला गुण दिले होते," सर म्हणाले. "लढाई चांगली लिहिली होती."

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी एकतिसावी कॅसेट लावली. धाकटी आनंदात होती. तिने स्वतःचं निवेदन आदल्या दिवशीच लिहून बाईंना पाठवलं होतं, आणि बाईंनी त्यात एका वाक्याखाली रेघ मारून "उत्तम, हाच कणा" असं लिहिलं होतं. ते वाक्य होतं: श्वासाच्या नियमाची मूळ कल्पना माझी.

टेपवर सर बोलत होते, एकवीस वर्षांनी तरुण. "तुमची ही मशीनमधली बाई वाचते बरं. पण ती श्वास कधी घेते? मला ऐकता ऐकता धाप लागते. माणूस कसा वाचतो बघ. स्वल्पविराम असो नसो, 'आणि' यायच्या आधी, 'पण' यायच्या आधी थोडा दम घेतो. वाक्य लांब तर दम मोठा. तसं काही करता येईल का?"

आणि ती घाईची मुलगी म्हणाली, "अय्या, सर. हे मला सुचलंच नव्हतं."

टेप पुढे चालत राहिली. धाकटीचं पेन थांबलं.

एकवीस वर्षं तिला पक्कं आठवत होतं, की ही कल्पना तिला धुलाईच्या दुकानाच्या जिन्यात सुचली. जिना चढून दम लागला होता, आणि त्या दमातून सुचली. जिना आठवत होता, कितवी पायरी तेही आठवत होतं. ही गोष्ट तिने थोरलीला सांगितली होती, प्रयोगशाळेच्या मुलाखतीत सांगितली होती, आणि ते लोक कौतुकाने हसले होते. खोटं बोलली नव्हती हो. आठवणच तशी घडली होती, घडी घालून, इस्त्री करून.

"सर," ती म्हणाली, "हे तुमचं आहे."

"काय?"

"श्वास. तुम्ही सांगितलंत."

सरांनी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. "हो का. मला आठवत नव्हतं." मग म्हणाले, "बरं मग?"

"मग मी तिकडे लिहिलंय की माझी कल्पना."

"ठिपके फक्त मला वाचता येतात," सर म्हणाले. आवाज अगदी सरळ. परीक्षेत अवघड प्रश्न घालताना यांचा आवाज असाच होत असणार.

धाकटीने वही मिटली. कॅसेट खोक्यात ठेवली आणि घरी गेली.

घरी थोरलीने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, त्यांनी नुसतं म्हटलं. म्हणायला काय लागतं? मीही रोज म्हणते, वर पाणी चढत नाही, काहीतरी करा. म्हणून पंप माझा झाला का?"

"पण ताई, मी 'मूळ कल्पना' लिहिलंय."

"मग लिही ना. सगळं जग लिहितं. तुझ्या त्या खिडकीच्या नावावर चार हजार आहेत, तो कधी रडत बसला?"

आता खरं तर हे बोलणं थोरलीने सहज केलं होतं, पण ते लागायचं तिथे लागलं. धाकटीला खिडकीचं फोनवरचं वाक्य आठवलं. मग विचारायचे बंद झाले, मीही सांगायचा बंद झालो. चांगला माणूस होता तो. कोणाचं काही ओढून घेतलं नव्हतं. नुसतं बटण त्याच्याजवळ होतं, एवढंच. आणि आता या घडीला, सोळातले अकरा दिवस उरलेले, बटण धाकटीजवळ होतं.

चौथ्या दिवशी ती सरांकडे गेली ती एक वेगळी वही घेऊन. "बत्तीसपासून पुढच्या लावा," म्हणाली.

बत्तिसाव्यात तिने पहिला प्रयत्न केलेला. मशीन प्रत्येक शब्दानंतर थांबलं. सर म्हणाले होते, "याला दमा झालाय." चौतिसाव्यात कुठेच थांबलं नाही. सदतिसाव्यात "नाही" च्या आधी थांबलं, त्यामुळे मुलांना आधी वाटे परवानगी मिळाली, मग कळे मिळाली नाही. एकेचाळिसाव्यात ती रडवेली होऊन म्हणते, "सर, सोडून देऊ का?" आणि सर म्हणतात, "दे. मी दुसऱ्या कोणाला तरी सांगतो." त्यावर चार दिवसांत बेचाळिसावा फोन. असं करत करत एकोणपन्नासाव्या कॅसेटमध्ये मशीन एक पूर्ण पान वाचतं, आणि त्यानंतर टेपवर बराच वेळ कोणीच बोलत नाही.

मग सर म्हणतात, "मी घड्याळ बघत होतो. म्हणजे चाचपत होतो. मग ऐकतच राहिलो, पान संपल्याचं कळलंच नाही."

काकू दारात पीठ लागलेल्या हातांनी उभ्या होत्या.

धाकटीने वहीत मोजलं. अठरा फोन, अठरा तारखा, सतरा चुका, प्रत्येक चूक कशी दुरुस्त केली ते तिच्याच तोंडून. आणि इंटरनेटवरच्या नोंदी काढून पाहिल्या, तर प्रत्येक फोनच्या दुसऱ्यातिसऱ्या दिवशी, बरोबर पाच वाजता, खिडकीच्या नावावर नेमका तोच बदल. खिडकी काय, मालक काय, अख्खं ऑफिस उभं करून शपथेवर विचारलं असतं तरी इतकं चोख कोणी सांगितलं नसतं. पण याआधीची ती एकतिसावी कॅसेट काढून टाकली, तर बाकीच्यांना शेंडा ना बुडखा. ती ठेवायची, तर "मूळ कल्पना" जाणार.

वकीलबाईंनी तीन पानांचा तक्ता वाचला, सरांचं सहीचं पत्र वाचलं. सरांनी सही स्वतः केली होती, ओळीच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी धरून, आणि ती ओळीच्या वर किंवा खाली गेली नव्हती. मग धाकटीचं नवं निवेदन वाचलं. त्यात लिहिलं होतं: थांबण्याची कल्पना अंध शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी अमुक तारखेला सुचवली. ती मशीनला करता यावी म्हणून मी अठरा वेळा प्रयत्न केला, त्यातले सतरा फसले.

"फसले, हे लिहायलाच हवं का?" बाई म्हणाल्या.

"फसले तेच तर माझे आहेत."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, मी स्पष्ट सांगते. आधीचं वाक्य जोरदार होतं. निवड करणारे लोक दिवसाला असे पन्नास अर्ज वाचतात. 'मूळ कल्पना' दिसली की थांबतात. इथे थांबतील की नाही, मला सांगता येत नाही. हे गेलं तर महिनाअखेर गेली, आणि जागा गेली."

"माहीत आहे."

"तुमची बहीण काय म्हणते?"

"ती म्हणते, मला अक्कल नाही."

बाई जरा हसल्या. मग त्यांनी पडदा धाकटीकडे वळवला, आणि धाकटीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने अर्ज पाठवला. भर दुपारचे सव्वातीन वाजले होते.

मग सहा आठवडे. या सहा आठवड्यांत थोरली रोज वरून खाली येऊन विचारायची, "आलं?" आणि नाही म्हटलं की, "सोनेरी किनारीचं एक जोडायला हवं होतं," म्हणून परत जायची. धाकटी विमा कंपनीत रकाने जुळवत राहिली. रविवारी मात्र सरांकडे जायची. पुरावा तर केव्हाच देऊन झाला होता. उरलेल्या कॅसेटी ऐकायला जायची. मालक एकदा टेपवर गुणगुणताना सापडले, बेसूर. एकदा खिडकी सापडला, कोणाची फ्लॉपी फेकून देईन म्हणून धमकावताना. धाकटीने तो तुकडा त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये उघडला आणि बाहेर उठून जावं लागलं. आणि त्यात पुढे एक ओळ होती: त्या चार हजारांच्या वरती मी आजच सहा जणांची नावं लिहिली आहेत, तुझं पहिलं टाकलंय, भांडू नकोस.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं. मंजूर. एका ओळीचं. कोणत्या कागदाने पटलं, कोणाला पटलं, सतरा चुका कोणी वाचल्या की नाही, काही म्हणता काही लिहिलेलं नव्हतं. असली ऑफिसं कारण फक्त नाही म्हणताना देतात.

धाकटीने तोंडावर पाणी मारलं, जागेवर येऊन बसली, आणि आधी सरांना फोन लावला. काकूंनी उचलला. सर शेजारच्या मुलाला सनावळ्या घोकवत होते. काकूंनी ती बातमी मोठ्याने आत सांगितली, आणि आतून उत्तर आलं, "मग जाईल ना. थंडीचे कपडे म्हणावं घे." आणि पुन्हा सनावळ्या.

मग वकीलबाईंना. मग खिडकीला. थोरलीला कळलं ते संध्याकाळी साडेसहाला, चौथ्या नंबरावर, आणि कितवा नंबर हेही तिने खोदून खोदून काढून घेतलं. आठ दिवस वरचं दार बंद. नवव्या दिवशी ती लोकरीची मोठी पिशवी घेऊन खाली आली, धाकटीला सरळ उभं केलं, आणि मापाची टेप लावून तिच्या हाताची लांबी मोजायला लागली.

"नीट उभी राहा," म्हणाली. "तिकडे गेल्यावर पोचलीस की पहिला फोन कोणाला?"

"तुला."

"तारीख, वेळ लिहून ठेवणार आहे मी. माझ्याकडेही पुरावा असू दे." आणि हात मोजून झाला तरी मनगट काही तिने लवकर सोडलं नाही.